समोरच्याचं वाक्य

हौशी नाटकं, राज्य नाट्य स्पर्धा, पुढे व्यावसायिक नाटकांचे दौरे, असं करत रंगभूमीवर रमले. त्यातून एक गोष्ट मनात पक्की झाली: नटाचं लक्ष स्वतःवरून उठून समोरच्यावर गेलं की भूमिका उभी राहते. नव्या मुलामुलींना तालमीत जे सांगते, तेच इथे मांडते आहे.

१. पाठांतर लवकर संपवा. वाक्य आठवण्यात गुंतलेलं डोकं काही ऐकू शकत नाही. पाठ करताना समोरच्याच्या वाक्यातला असा शब्द शोधा, जो कानावर पडताच आपल्याला बोलावंसं वाटतं. बहुतेकदा तो वाक्याच्या मध्येच असतो. तिथे श्वास घेतलात की आपलं वाक्य वेळेवर येतं आणि खरंही वाटतं.

२. वाक्याचा शेवट गिळू नका. मराठीत क्रियापद शेवटी येतं, नकारही शेवटीच. ‘मी त्याला पैसे दिले नाहीत’ यातलं ‘नाहीत’ पडलं, तर शेवटच्या रांगेपर्यंत उलटाच अर्थ जातो. नुसता आवाज चढवून भागत नाही. शेवटच्या अक्षरापर्यंत श्वास पुरला पाहिजे.

३. गप्प बसणं हेही काम आहे. तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मध्ये (१९६७) खोट्या खटल्याचा खेळ बेणारेवर उलटतो आणि ती बराच वेळ आरोप ऐकत राहते. सुलभा देशपांडे यांनी ही भूमिका अजरामर केली. बेणारे करणाऱ्या अभिनेत्रीची कसोटी अखेरच्या स्वगताच्या कितीतरी आधी सुरू होते. प्रत्येक साक्ष तिला लागली, तिच्या आत साठत गेली, तरच ते स्वगत फुटून बाहेर येतं. नाहीतर ते नुसतं पाठांतर वाटतं. म्हणून हा प्रवेश बसवताना मी मुलींना सुरुवातीला स्वगत देतच नाही. बाकीचे बोलतात आणि त्यांनी फक्त ऐकायचं. चेहऱ्यावर काही ‘दाखवायची’ मनाई असते. चार-दोन तालमींनंतर त्यांचे खांदे, बोटं, बसण्याची ढब आपोआप बदलू लागते. मग स्वगत हातात द्यायचं.

४. अश्रूंना हुकूम सोडू नका. नाट्यशास्त्रात आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असा चार प्रकारचा अभिनय सांगितला आहे. अश्रू हा आठ सात्त्विक भावांपैकी एक, आणि सत्त्वाचा उगम भरताने एकाग्र मनात मानला आहे. रडायचं ठरवून आलेला नट स्वतःकडेच पाहत असतो. त्याऐवजी समोरच्या मुलीने नजर का चुकवली, यात मन घाला. डोळे भरले तर भरू द्या. कोरडे राहिले तरी प्रसंग पोहोचतो.

५. भूमिका कुणाच्या मालकीची नसते. शिरवाडकरांच्या नाटकातला गणपतराव बेलवलकर १९७० साली प्रथम डॉ. श्रीराम लागूंनी उभा केला. पुढे दत्ता भट, सतीश दुभाषी, यशवंत दत्त यांनीही तो पेलला. शब्द तेच, माणूस निराळा. आधीच्याची नक्कल नको आणि मुद्दाम वेगळं दिसण्याचा अट्टहासही नको. दोन्हींत संहिता बाजूला राहते.

६. रांगेत उभं राहायला शिका. डॉ. जब्बार पटेलांनी बसवलेल्या ‘घाशीराम कोतवाल’मध्ये (१९७२) ब्राह्मणांची रांग हीच भिंत आणि हाच पडदा. एकानेही टाळीसाठी वेगळी मान हलवली की ती भिंत ढासळते. शेजाऱ्याच्या श्वासाबरोबर डुलायला शिकलेला नट पुढे मोठ्या भूमिकेतही एकटा पडत नाही.

७. तिसऱ्या घंटेला कालचा प्रयोग विसरा. काल जिथे हशा आला तिथे आज येईलच असं नाही. त्याची वाट पाहत थांबलात तर प्रवेश पडतो. आलाच तर पुरता विरू देऊ नका. ओसरू लागताच पुढचं वाक्य घ्या.

८. पडदा पडल्यावर ‘माझं काम कसं झालं?’ असं विचारत फिरू नका. सहकलाकाराला विचारा, ‘आज माझ्याकडून तुला वाक्य नीट मिळालं का?’ कौतुक त्या रात्रीपुरतं असतं. या प्रश्नाचं उत्तर मात्र उद्याच्या प्रयोगात दोघांच्याही कामाला येतं.