दोन भूमिकांच्या मधली वर्षं

लंडनमधल्या खाद्यपदार्थांच्या एका दुकानात एक मुलगी काउंटरमागे उभी राहून गिऱ्हाइकासाठी सँडविच बनवत होती. वय जेमतेम सतरा. तेवढ्यात फोन आला. न्यूझीलंडमध्ये चित्रित होणाऱ्या एका चित्रपटासाठी तिची निवड झाली होती. ती मुलगी केट विन्स्लेट आणि तो चित्रपट ‘हेवन्ली क्रीचर्स’. तो १९९४ मध्ये पडद्यावर आला. ‘टायटॅनिक’ त्यानंतर तीन वर्षांनी आला, आणि ऑस्करची बाहुली हातात यायला २००९ साल उजाडलं.

ही कहाणी सांगताना बहुतेक जण ‘टायटॅनिक’पासून सुरुवात करतात. मुलाला अभिनयात घालायचं की नाही या विचारानं रात्र रात्र झोप न लागणाऱ्या आईबाबांनी मात्र ती त्या दुकानापासून ऐकावी. कारण फोन आला तेव्हा केट काही नवखी नव्हती. अकराव्या वर्षापासून ती मेडनहेडच्या रेडरूफ्स या नाट्यशाळेत शिकत होती. न्याहारीच्या सीरियलच्या जाहिरातीत ती दिसली होती, १९९१ मध्ये बीबीसीच्या ‘डार्क सीझन’ मालिकेत तिनं काम केलं होतं. घरात नाटक मुरलेलं. आजी-आजोबा रेडिंगमध्ये नाट्यसंस्था चालवायचे. वडील नट होते, पण नटाच्या कमाईवर घर चालत नसे, म्हणून पडेल ते काम करायचे. पैशांची ओढाताण इतकी, की सोळाव्या वर्षी तिला नाट्यशाळा सोडावी लागली. चौदाव्या वर्षी नाटक शिकवणाऱ्या व्यक्तीकडून तिला ऐकावं लागलं होतं, की जाड मुलींच्या भूमिकांवर समाधान मानलंस तर तुझं निभेल. २०१६ च्या बाफ्टा सोहळ्यात पुरस्कार घेताना हा प्रसंग तिनं स्वतःच सांगितला. जाहिरात झाली, मालिका झाली, आणि तरीही पुढचं काम मिळेपर्यंत ती दुकानात उभी होती.

बालकलाकार म्हणून सुरुवात करून मोठेपणीही टिकलेल्या ब्रिटिश नटांची आयुष्यं लागोपाठ वाचली, की एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. पहिली भूमिका कशी मिळाली याचे किस्से रंजक असतात, पण त्यात नशिबाचा वाटा मोठा असतो आणि नशीब काही शिकवता येत नाही. शिकण्यासारखं असतं ते पहिल्या आणि दुसऱ्या भूमिकेच्या मधल्या काळात. आवाज फुटलेला असतो, उंची वाढलेली असते, गोंडस चेहरा गेलेला असतो आणि फोन वाजत नसतो. तेव्हा हे मूल काय करत होतं? घरात कोण काय म्हणत होतं?

टॉम हॉलंडचं घर बघा. विंबल्डनच्या एका नृत्यवर्गात हिपहॉप करणारा हा मुलगा ‘बिली एलियट’ या संगीत नाटकासाठी हेरला गेला. बॅले त्याला येत नव्हता. रंगमंचावर पाऊल ठेवण्याआधी सुमारे दोन वर्षं ऑडिशन आणि तालीम चालली. २००८ मध्ये, बाराव्या वर्षी, तो लंडनच्या वेस्ट एंडवर आधी बिलीचा मित्र झाला आणि काही आठवड्यांत बिली. २०१२ मध्ये ‘द इम्पॉसिबल’ आला, सगळीकडे कौतुक झालं. मग कामाचा ओघ आटला. आईनं त्याचं नाव कार्डिफमधल्या सुतारकामाच्या वर्गात घातलं. स्पायडरमॅनची भूमिका मिळण्याआधी या मुलानं रंधा आणि करवत हातात धरली होती. कौतुक झालेल्या मुलाला सुतारकाम शिकायला पाठवणं सोपं नसतं. नातेवाईक विचारतात, शेजारी विचारतात. त्या आईनं मुलाला नैराश्यात बसू दिलं नाही आणि खोट्या आशेवरही ठेवलं नाही.

फ्रेडी हायमोरची वाट अगदी वेगळी. ‘फाइंडिंग नेव्हरलँड’ २००४ चा आणि ‘चार्ली अँड द चॉकलेट फॅक्टरी’ २००५ चा, दोन्हींत जॉनी डेपसमोर हा मुलगा कुठेही कमी पडत नाही. त्याची आई कलाकारांची एजंट, म्हणजे या धंद्याचे खाचखळगे घरातच माहीत. आणि तरी, किंवा बहुधा म्हणूनच, तो केंब्रिजला गेला. स्पॅनिश आणि अरबी हे विषय घेऊन २०१४ मध्ये उच्च श्रेणीत पदवीधर झाला. पुढे ‘द गुड डॉक्टर’ या अमेरिकी मालिकेनं त्याला नव्यानं प्रेक्षक दिले. हॅरी पॉटरच्या चित्रपटांतल्या एमा वॉटसननं सोळाव्या वर्षाच्या सार्वजनिक परीक्षेत, म्हणजे आपल्या दहावीच्या तोडीच्या परीक्षेत, दहा विषय दिले आणि सर्वांत वरच्या दोन श्रेणींच्या खाली ती आली नाही. तिनं अमेरिकेतल्या ब्राऊन विद्यापीठातून इंग्रजी साहित्याची पदवी घेतली. हॅरी पॉटरचा उर्मट मावसभाऊ डडली झालेला हॅरी मेलिंग हा तर या विषयातला सर्वांत सांगण्याजोगा मुलगा. लहानपणीची ती भूमिका दुय्यम, हसण्यावारी नेलेली. तो नंतर लॅम्डा या नाट्यशाळेत पायाभूत शिक्षण घ्यायला गेला, रंगभूमीवर उभा राहिला, आणि २०२० मध्ये ‘द क्वीन्स गॅम्बिट’ पाहताना कित्येकांना हा तोच डडली आहे हे ओळखताही आलं नाही.

कॉलेज, नाट्यशाळा, सुतारकाम, दुकान. पाच जणांच्या चार तऱ्हा. काम नसेल तेव्हा या मुलांच्या दिवसाला काहीतरी आकार होता, एवढंच त्यांच्यात समान.

आकार नसेल तर काय होतं याचं उदाहरण त्याच देशात आहे, आणि ते चटका लावणारं आहे. १९६८ च्या ‘ऑलिव्हर!’ या चित्रपटात जॅक वाइल्ड या मुलानं खिसेकापू डॉजरची भूमिका अशी केली, की सोळाव्या वर्षी ऑस्करचं नामांकन मिळालं. त्याला दारूनं लवकरच गाठलं. पैसा गेला, कामं गेली. १९८९ च्या सुमारास तो त्या विळख्यातून बाहेर पडला, पण तोपर्यंत उमेदीची वर्षं सरली होती. २००६ मध्ये, त्रेपन्नाव्या वर्षी, तोंडाच्या कर्करोगानं तो गेला. त्याच चित्रपटात ऑलिव्हर झालेला मार्क लेस्टर मोठेपणी अभिनयातून बाहेर पडला आणि हाडं-स्नायूंवर उपचार करणारा ऑस्टिओपॅथ झाला. लेस्टरला अपयशी म्हणण्याची घाई कुणी करू नये. बालवयात नाव कमावून पुढे दुसरा व्यवसाय आनंदानं करता येणं, ही शक्यता प्रत्येक घरानं पहिल्याच दिवशी मान्य करून ठेवावी.

आईबाबांच्या हातात आणखी एक गोष्ट असते: नकार. हॅरी पॉटरची विचारणा पहिल्यांदा झाली तेव्हा डॅनियल रॅडक्लिफच्या आईवडिलांनी चक्क नाही म्हटलं होतं. प्रस्ताव सहा चित्रपटांचा, आणि चित्रीकरण लॉस एंजेलिसमध्ये. मुलाचं सगळं आयुष्य उपटून निघालं असतं. पुढे चित्रीकरण इंग्लंडमध्येच करायचं आणि करार आधी दोनच चित्रपटांचा, असं ठरलं, तेव्हा होकार आला. वडील साहित्यिकांचे एजंट, आई कास्टिंगच्या क्षेत्रातली. काय मागता येतं हे त्यांना ठाऊक होतं. ज्यांना ठाऊक नसतं त्यांना वाटतं, की अटी घातल्या तर संधी हातची जाईल. लेकराच्या हितासाठी अट घालण्यात लाजण्यासारखं काहीच नाही. एवढं जपूनही पुढे दारूशी आपला झगडा झाल्याचं रॅडक्लिफनं उघडपणे सांगितलं आहे. तो त्यातून सावरला आणि २०२४ मध्ये ब्रॉडवेवरच्या कामासाठी टोनी पुरस्काराचा मानकरी ठरला.

प्रसिद्धीचा ताण किती लवकर येतो, ते ख्रिश्चन बेलच्या बाबतीत दिसतं. स्टीव्हन स्पीलबर्गच्या ‘एम्पायर ऑफ द सन’साठी हजारो मुलांतून तो निवडला गेला. चित्रपट १९८७ चा, बेल तेराचा. मुलाखतींच्या माऱ्याचा त्याला एवढा उबग आला, की अभिनयच सोडून द्यावा असं वाटू लागलं. केनेथ ब्रॅनानं ‘हेन्री द फिफ्थ’मध्ये छोटी भूमिका देऊन त्याला परत आणलं. अशा वेळी मूल ‘नको’ म्हणालं तर ते ऐकून घेणारं कुणीतरी घरात लागतं.

पैशांचं काय? ‘पॉलिअ‍ॅना’साठी बालकलाकारांचा खास ऑस्कर मिळवणाऱ्या हेली मिल्सची बालपणीची कमाई ट्रस्टमध्ये ठेवली होती. मोठी झाल्यावर त्यातला बहुतांश भाग करात गेला. खटला हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत पोचला आणि निकाल तिच्या विरोधात लागला. चांगल्या हेतूनं केलेली व्यवस्थाही कर-सल्लागाराला दाखवून घ्यावी लागते, हे त्या कुटुंबाला फार महागात कळलं.

इंग्लंडमध्ये मुलांच्या कामाला कायद्याची चौकट आहे. १९३३ आणि १९६३ चे कायदे, आणि त्यांवर आधारलेले २०१४ चे नियम. शालेय वयाच्या मुलाला व्यावसायिक काम करायचं असेल, तर साधारणपणे स्थानिक कौन्सिलचा परवाना लागतो. पाच ते आठ वर्षांच्या मुलानं दिवसाला फार तर तीन तास प्रत्यक्ष काम करायचं, नऊच्या पुढच्यानं पाच तास. आई किंवा बाबा सोबत नसतील तर परवानाधारक सोबती हवा, आणि शाळा बुडत असेल तर शिकवणीची सोय हवी. लीव्हसडेनच्या स्टुडिओत हॅरी पॉटरच्या सेटला लागूनच वर्ग भरायचे ते याचसाठी.

महाराष्ट्रातल्या पालकांनी हे वाचून हळहळण्याचं कारण नाही, कारण आपल्याकडेही नियम आहेत. ते माहीत नसतात एवढंच. बालकामगार कायद्याखालच्या २०१७ च्या नियमांनुसार चौदा वर्षांखालच्या बालकलाकाराला दिवसाला पाच तासांहून जास्त काम देता येत नाही, सलग तीन तासांनंतर विश्रांती द्यावी लागते, सलग २७ दिवसांपेक्षा जास्त काम चालत नाही. निर्मात्याला जिल्हा दंडाधिकाऱ्यांची, म्हणजे जिल्हाधिकारी कार्यालयाची परवानगी लागते. मुलाच्या कमाईतले किमान २० टक्के राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावानं मुदत ठेवीत ठेवावे लागतात. दर पाच मुलांमागे एक जबाबदार व्यक्ती सेटवर हवी. मालिकेसाठी बोलावणं आलं, की परवानगीची प्रत आणि ठेवीची पावती बेधडक मागावी. आणि ‘आधी फोटोंचे पैसे भरा, मग काम देतो’ असं कुणी म्हणालं, तर तिथून उठून यावं. खरा एजंट मिळालेल्या कामातून टक्केवारी घेतो.

एक शंका रास्त आहे. यातली बरीच मुलं नाटक-सिनेमावाल्या घरांतली. ज्यांच्या घरात कुणीच या क्षेत्रात नाही, त्यांनी काय करायचं? ब्रिटनमध्ये त्यांच्यासाठी काही दारं उघडी राहिली, ती काही माणसांच्या जिद्दीमुळे. १९६८ मध्ये ॲना शेर या शिक्षिकेनं लंडनच्या इस्लिंग्टनमध्ये शाळेच्या मधल्या सुट्टीत मुलांचा नाट्यवर्ग सुरू केला. त्या परंपरेत डॅनियल कलुया घडला. नवव्या वर्षी त्यानं नाटक लिहिलं, ते रंगमंचावर आलं, आणि २०२१ मध्ये त्याला ऑस्कर मिळाला. १९८३ पासून चाललेल्या नॉटिंगहॅमच्या टेलिव्हिजन वर्कशॉपमधून बालपणाचा मोठा काळ बालगृहांत आणि परक्या घरांत काढलेली समांथा मॉर्टन आली, पुढे बेला रॅमझी आली. बिलिंगहॅमचा जेमी बेल बहिणीसोबत नाचाच्या वर्गात गेला आणि मुलांची टिंगल सोसत बॅले शिकला. चौदाव्या वर्षी ‘बिली एलियट’ चित्रपटासाठी त्यानं बाफ्टा मिळवला तो टॉम हँक्स आणि रसेल क्रो यांना मागे टाकून. आपल्याकडची उन्हाळी बालनाट्य शिबिरं आणि राज्य बालनाट्य स्पर्धा ही याच जातीची दारं आहेत. तिथे मूल रमतं का, दुसऱ्याची वाक्यं ऐकतं का, छोटी भूमिका मिळाली तरी तालमीला धावत जातं का, हे दोन-तीन वर्षं शांतपणे बघता येतं. मग ऑडिशनची धावपळ.

घाई किती अनावश्यक असते, हे जेनी अगटरकडे पाहून कळतं. एल्महर्स्टच्या बॅले शाळेत शिकलेली ही मुलगी अकरा-बाराव्या वर्षी पहिल्यांदा पडद्यावर आली. १९६८ मध्ये ‘द रेल्वे चिल्ड्रन’ या बीबीसीच्या मालिकेत आणि १९७० मध्ये चित्रपटात तिनं थोरल्या मुलीची, बॉबीची, भूमिका केली. मग अमेरिका, १९८२ मध्ये रॉयल शेक्सपिअर कंपनी, २०१२ पासून ‘कॉल द मिडवाइफ’. अधूनमधून ती जुनी गोष्ट तिच्याकडे परत येत राहिली. २००० मध्ये ती त्याच कथेत आई झाली, आणि २०२२ मध्ये, वयाची सत्तरी जवळ आलेली असताना, पुन्हा बॉबीच झाली, या वेळी आजी झालेली बॉबी.