पत्र्याच्या खोलीतील थंडी आणि वाऱ्याचे झोत

पन्हळी पत्र्याच्या खोलीत तुम्ही डिसेंबर महिन्यातील एखादी रात्र काढली आहे काय? धाराशिव जिल्हा बालाघाटच्या पठारावर वसलेला असल्याने हिवाळ्यात पहाटे येथे पारा १० अंश सेल्सिअसच्या आसपास उतरतो. अशा वेळी पत्र्याच्या खोलीत दोन पांघरुणे घेतली तरी हुडहुडी थांबत नाही. शेजारच्या जुन्या माळवदाच्या घरात मात्र त्याच वेळी उबदार वाटते. असे का व्हावे? आणि पत्र्याची खोली उबदार करता येईल का?

हा प्रश्न आपल्या भागात नुसता पुस्तकी नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला. लातूर आणि त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील सास्तूरसारखी गावे उद्ध्वस्त झाली, हजारो माणसे मृत्युमुखी पडली. दगड-मातीच्या दोन-तीन फूट जाडीच्या भिंती आणि त्यांवरचे मातीचे जड माळवद हीच घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली. त्यानंतर कित्येक कुटुंबांनी पक्की घरे मिळेपर्यंतचा काळ पत्र्याच्या निवाऱ्यांत काढला. पत्रा अंगावर पडण्याची भीती नव्हती. पण तो उन्हाळ्यात तापे आणि हिवाळ्यात गारठे. तेव्हा घर हलके असावे आणि उबदारही असावे, हे जमेल का, असा आपला खरा प्रश्न आहे.

पत्रा उष्णता का अडवीत नाही?

उष्णता वहन, अभिसरण आणि प्रारण अशा तीन मार्गांनी जाते, हे तुम्ही शिकला आहात. प्रथम वहन पाहू. एखादा थर उष्णतेला किती अडवतो, त्याला आपण त्याचा उष्णतारोध म्हणू. थराची जाडी मीटरमध्ये घेऊन तिला पदार्थाच्या उष्णता-संवाहकतेने भागले की रोध मिळतो. पोलादाची संवाहकता सुमारे ५०, मातीची सुमारे ०.७५, वाळलेले गवत किंवा उसाचे पाचट यांच्या थराची सुमारे ०.०७, तर स्थिर हवेची अवघी ०.०२५ आहे (एकक : वॅट प्रति मीटर प्रति अंश).

अर्ध्या मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचा रोध ०.०००५ ÷ ५० म्हणजे ०.००००१ इतका येतो. पत्र्याच्या दोन्ही अंगांना हवेचा एकेक पातळ, जवळजवळ स्थिर थर चिकटलेला असतो. या दोन थरांचा मिळून रोध सुमारे ०.१७ असतो. म्हणजे पत्र्याच्या खोलीत जी काही थोडी उष्णता अडते, ती पत्रा अडवीत नाही, हवा अडवते! पत्रा दहापट जाड घेतला तरी काहीही फरक पडणार नाही, हे तुम्ही स्वतः आकडेमोड करून पाहा.

आता माळवद घेऊ. दीड फूट म्हणजे ४५ सेंटिमीटर मातीचा रोध ०.४५ ÷ ०.७५ = ०.६. आणि पाचटाचा तीन इंची, म्हणजे ७.५ सेंटिमीटरचा थर? ०.०७५ ÷ ०.०७ = सुमारे १.०७. तीन इंच पाचट दीड फूट मातीपेक्षा उष्णता अधिक अडवते. कारण पाचटाच्या काड्यांमध्ये हवा अडकून पडलेली असते आणि तिला हलता येत नाही. गोधडी, लोकर, थर्माकोल यांचेही गुपित हेच. ऊसतोडणीच्या हंगामात कामगार कुटुंबे पाचटाच्या कोपीत राहतात, त्या कोपीच्या छपरातही हेच तत्त्व काम करीत असते.

वजनाचा हिशेबही करू. १० फूट × १२ फूट खोलीचे छत सुमारे ११ चौरस मीटर. त्यावर दीड फूट मातीचे वजन जवळजवळ ८ टन भरते. पत्र्याचे वजन ५०-६० किलो, पाचटाच्या थराचे शंभर किलोच्या आत. ऊब मिळवण्यासाठी डोक्यावर टनावारी ओझे घेण्याची गरज नाही, हे यावरून पटेल. मातीचा एक गुण मात्र वेगळा आहे : ती उष्णता साठवून ठेवते. दुपारचे ऊन आत पोचायला कित्येक तास लागतात, म्हणून माळवदाच्या घरात दिवसा गारवा आणि रात्री ऊब वाटते. हलक्या छताला ही साठवण जमत नाही.

फटी किती मोठ्या असतात?

आता वाऱ्याकडे वळू. पन्हळी पत्रा भिंतीच्या सरळ कडेवर ठेवला की प्रत्येक पन्हळीखाली एक फट राहते. पन्हळीची खोली १८ मिलिमीटर असेल, तर फटीची सरासरी उंची सुमारे ९ मिलिमीटर. १२ फुटांच्या, म्हणजे ३.६ मीटरच्या दोन बाजू मिळून लांबी ७.२ मीटर. गुणाकार केला की सुमारे ६५० चौरस सेंटिमीटर येतात. म्हणजे जवळजवळ २५ सेंटिमीटर लांब आणि तेवढीच रुंद खिडकी रात्रभर सताड उघडी! दाराखालची आणि पत्र्यांच्या सांध्यांतील फट वेगळीच. ऊबदार हवा हलकी होऊन वरच्या फटींतून निघून जाते आणि दाराखालून गार हवा आत शिरते. बाहेर वारा असला की विचारायलाच नको.

आधी काय करावे?

आपली खोली ८ फूट उंच धरू. भिंती आणि छत मिळून सुमारे ४४ चौरस मीटर पत्रा होतो. आतल्या-बाहेरच्या तापमानात एक अंशाचा फरक असता त्यातून सुमारे २६० वॅट उष्णता बाहेर जाते. खोलीत २७ घनमीटर हवा मावते. वाऱ्याच्या रात्री ती तासात दहा वेळा बदलते असे मानले, तर तिच्याबरोबर प्रत्येक अंशामागे आणखी ९० वॅट जातात. जमिनीत जाणारी उष्णता सोडून देऊ. आत पाच माणसे झोपली आहेत आणि प्रत्येकाच्या शरीरातून सुमारे ८० वॅट, म्हणजे एकूण ४०० वॅट उष्णता मिळते. मग खोली बाहेरच्यापेक्षा किती उबदार राहील? ४०० ला एकूण ऱ्हासाने भागायचे.

काहीच केले नाही, तर ४०० ÷ ३५० = सुमारे १ अंश.

फटी बुजवून हवा तासात दोनदाच बदलू दिली, तर ४०० ÷ २७८ = सुमारे दीड अंश.

फटी तशाच ठेवून छताला व भिंतींना तीन इंच पाचटाचे अस्तर केले, तर पत्र्यातून जाणारी उष्णता २६० वरून ३५ वर येते; ४०० ÷ १२५ = सुमारे ३ अंश.

दोन्ही केले, तर ४०० ÷ ५३ = सुमारे साडेसात अंश!

पाहा, नुसत्या अस्तराने मिळालेला लाभ फटींतून वाया जात होता, आणि नुसत्या फटी बुजवून फारसे हाती लागत नव्हते. दोन्ही कामे एकत्र केल्यावर मात्र १० अंशांच्या रात्री खोलीत १७ अंशांच्या वर ऊब राहते.

काम कसे करावे?

वाऱ्याच्या संध्याकाळी पेटलेली उदबत्ती सांध्यांजवळून हळूहळू फिरवा. धूर जेथे वाकेल तेथे फट आहे. पन्हळींखालच्या फटी भुसा मिसळलेल्या चिखलाने बुजवाव्यात, दाराखाली गोणपाटाची गुंडाळी ठेवावी. अस्तरासाठी बांबूच्या तट्ट्या आतून बांधून तट्ट्या आणि पत्रा यांच्यामध्ये पाचट भरावे व तट्ट्यांवर शेणमातीचा पातळ हात फिरवावा. या लिंपणाने वारा अडतो, आणि श्वासातील बाष्प थंड पत्र्यापर्यंत कमी पोचते. स्वच्छ रात्री पत्रा आकाशाकडे प्रारण करून हवेपेक्षाही गार होतो, म्हणून बाष्पाचे पाणी होऊन ठिबकते. ओले पाचट निरुपयोगी असते, कारण पाण्याची संवाहकता स्थिर हवेच्या सुमारे चोवीसपट आहे. हेच अस्तर उन्हाळ्यातही उपयोगी पडते. त्या वेळी पत्र्यावर वरून चुना लावला तर तो बरेचसे ऊन परावर्तित करतो.

दोन गोष्टींची सावधगिरी मात्र अवश्य बाळगा. पाचट आणि थर्माकोल दोन्ही पेट घेतात; चूल, दिवा आणि विजेच्या तारा त्यांपासून दूर असल्या पाहिजेत. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. खोली पूर्ण बंद करू नका. समोरासमोरच्या भिंतींत एक खाली आणि एक वर असे दोन लहान झरोके उघडे ठेवा. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून कधीही झोपू नये. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नसतो, वास नसतो. तो रक्तातील हिमोग्लोबिनला चिकटून बसतो आणि माणूस झोपेतच दगावतो.

करून पाहा

सारख्या आकाराचे तीन पत्र्याचे डबे घ्या. एक उघडा ठेवा, दुसऱ्याभोवती वाळलेले गवत बांधा, तिसऱ्याभोवती तेच गवत पाण्यात भिजवून बांधा. तिघांत सारखेच गरम पाणी ओतून झाकणे लावा आणि दर पाच मिनिटांनी तापमान नोंदवा. आलेख एकाच कागदावर काढा. मग हाच प्रयोग वाऱ्यात ठेवून करा. कोणता डबा वाऱ्यात अधिक लवकर निवतो आणि का, याचे उत्तर वर्गात आपल्या शिक्षकांशी चर्चा करून लिहा. त्यानंतर आपल्या गावातील एखादी पत्र्याची खोली मोजून तिच्या फटींचे क्षेत्रफळ काढा. घरमालकाला तो आकडा दाखवलात, तर पुढचे काम बहुधा तोच करील.