भुई पाहून फेर धर

पोरी, यंदा गरब्याची जागा तू ठरवणार म्हणे. छान झालं. रोषणाई आणि साउंड मागून पाहता येतील, आधी भुई पाहा.

१. जागा चपला काढून पाहा — अंबादेवी-एकवीरेच्या दर्शनाहून येणाऱ्या कितीतरी बाया नऊही दिवस अनवाणी असतात. मांडव डोळ्याला, भुई टाचेला.

२. एका पायावर गिरकी घेऊन बघ. पाय वळला पाहिजे, थांबवला की थांबलाही पाहिजे — फरशीनं पाय धरून ठेवला तर पीळ गुडघ्याला बसतो.

३. हॉलच्या चकचकीत टाइल्सवर भुलू नको, ओलं फडकं फिरवून चालून बघ — तासाभरात तिथं घाम ठिबकणारच आहे. खरखरीत शहाबादी बरी, फक्त सांधे बोटानं चाचपून घे.

४. मैदान घेशील तर मुरूम टाकून, पाणी मारून, रोलर फिरवलेलं घे — आपली वऱ्हाडची काळी माती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते, आणि परतीच्या पावसाचा नवरात्रात नेम नसतो. वर पातळ कोबा घातलेला असेल तर काठी ठोकत सगळीकडे चाल. जिथं पोकळ वाजेल तिथं खालची माती बसलेली असते; नाचाच्या दणक्यानं आधी तोच तुकडा फुटेल.

५. पेव्हर ब्लॉकचं पार्किंग नको — एक ठोकळा नखभर वर आला की अंगठा ठेचलाच.

६. जुन्या गच्चीवर तर मुळीच नाही, वारा कितीही गोड असो — पन्नास जणी एकाच ठेक्यावर उडाल्या की स्लॅबला जो हिसका बसतो, तो नुसत्या उभ्या गर्दीनं बसत नाही.

७. अकोल्याच्या मावशीलाही हे कळव: सिमेंटच्या अंगणावर पाणी चारच्या आत मारायचं — ऑक्टोबरच्या उन्हात तापलेलं अंगण दिवेलागणीलाही चटके देतं, आणि उशिरा मारलेली ओल पाय घसरवते.

८. हिरवं मॅटिंग ताणून कडा चिकटवून घे, वायर त्याखालून नेऊ नको — घडीत पाय अडकतो, आणि पायाखाली रगडलेली वायर सोलवटते.

९. कडेला चौकटीवर ठोकलेल्या प्लायवूडचा एक पट्टा ठेवच — सारवलेल्या अंगणात भुलाबाईच्या टिपऱ्या खेळलेल्या आज्यांनाही फेर धरायचा असतो. लाकूड जरा दबतं, सिमेंट दबत नाही.

१०. मध्यंतरात झाडू मारायला माणूस आधीच नेमून ठेव — तुटलेल्या टिपरीची फाक आणि ओढणीची पिन अनवाणी पायालाच सापडते.