शीतपेये, ग्लुटेन आणि वेष्टनावरील माहिती

औषधाची मात्रा चुकली तर रुग्णाला अपाय होतो, हे सर्वांनाच मान्य आहे. परंतु ज्या विकारात आहार हाच एकमेव उपचार असतो, तेथे वेष्टनावरील घटकांची यादीच औषधाच्या चिठ्ठीची जागा घेते. सिलिअ‍ॅक हा असाच विकार होय. या रुग्णांनी शीतपेये प्यावीत काय, हा प्रश्न वरकरणी केवळ वैद्यकीय वाटतो. प्रत्यक्षात अन्नप्रक्रिया उद्योग, ग्राहक संरक्षण आणि शासकीय नियमन हे विषयही त्याच्याशी निगडित आहेत.

विकाराचे स्वरूप

गहू, जव व राय या धान्यांत ग्लुटेन नावाची प्रथिने असतात. आनुवंशिक प्रवृत्ती असलेल्या काही व्यक्तींमध्ये या प्रथिनांमुळे शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर आघात करते. अन्नरस शोषून घेणारे सूक्ष्म अंकुर झिजतात. परिणामी अतिसार, रक्तक्षय, हाडांचा ठिसूळपणा आणि बालकांची खुंटलेली वाढ अशी लक्षणे दिसतात. ग्लुटेन आयुष्यभर वर्ज्य करणे, हाच यावरील उपाय आहे.

भारतातील चित्र उद्बोधक आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या विकाराची सूचक प्रतिपिंडे उत्तर भारतातील १.२३ टक्के, ईशान्य भारतातील ०.८७ टक्के, तर दक्षिण भारतातील केवळ ०.१० टक्के प्रौढांमध्ये आढळली. आनुवंशिक प्रवृत्तीचे प्रमाण तिन्ही प्रदेशांत फारसे भिन्न नव्हते. गव्हाचे सेवन मात्र उत्तरेत दररोज सरासरी ४५५ ग्रॅम, तर दक्षिणेत अवघे २५ ग्रॅम होते. आहारपद्धती व आरोग्य यांचा संबंध यावरून स्पष्ट व्हावा.

शीतपेयांत काय असते?

कार्बनयुक्त पाणी, साखर, आम्ल, रंग, स्वाद आणि परिरक्षक हे सर्वसाधारण शीतपेयाचे घटक होत. यांत धान्याचे पीठ नसते. कोला पेयांना तपकिरी छटा देणारा कॅरामेल रंग शर्करा तापवून तयार करतात. ही शर्करा क्वचित गव्हाच्या स्टार्चपासून काढलेली असली, तरी शुद्धीकरणात प्रथिने जवळजवळ पूर्णपणे वेगळी होतात. म्हणून कोला, लिंबू वा संत्र्याच्या स्वादाची सामान्य बाटलीबंद शीतपेये ग्लुटेनच्या दृष्टीने सहसा सुरक्षित मानली जातात.

अपवाद मात्र महत्त्वाचे आहेत. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेले धान्य आणि ते बहुधा जवाचे असते. त्यामुळे माल्टयुक्त पेये, दुधात मिसळावयाच्या माल्टच्या भुकट्या आणि बार्लीचे पाणी रुग्णांनी टाळावे. उत्तर भारतातील सत्तू हरभऱ्याचे असते, तसेच जवाचेही. जलजिरा व मसाला सोडा यांत हिंग असतो आणि बाजारातील हिंगाच्या भुकटीत अनेकदा मैदा मिसळलेला असतो. तात्पर्य, पेयाच्या नावावरून नव्हे, तर घटकांवरून निर्णय घ्यावयास हवा.

माहितीची विषमता

येथे अर्थशास्त्राचा संबंध येतो. विक्रेत्याला वस्तूविषयी जे ठाऊक असते ते ग्राहकाला नसते, या स्थितीला 'माहितीची विषमता' म्हणतात. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये तिचे विश्लेषण केले. २००१ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना मायकेल स्पेन्स व जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासह मिळाले. पेयातील ग्लुटेन डोळ्यांना दिसत नाही, जिभेला कळत नाही आणि अनेकदा प्यायल्यानंतरही लगेच जाणवत नाही. अशा बाबतीत केवळ ग्राहकाच्या निवडीवर विसंबून चालत नाही. नियमन आवश्यक ठरते.

अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ हा त्याचा पाया होय. २०२० च्या लेबलिंग नियमांनुसार वेष्टनावर घोषित करावयाच्या अ‍ॅलर्जीकारक घटकांत ग्लुटेनयुक्त तृणधान्यांचा समावेश आहे. 'ग्लुटेनमुक्त' म्हणवणाऱ्या पदार्थात दर किलोग्रॅममागे २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक ग्लुटेन असता कामा नये. आंतरराष्ट्रीय कोडेक्स मानकही हेच आहे. या मर्यादेतील सुमारे ३०० ग्रॅम पेयात ग्लुटेन जास्तीत जास्त ६ मिलिग्रॅम भरेल. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत रोज ५० मिलिग्रॅम ग्लुटेन तीन महिने घेतल्यास आतड्याला इजा होते, असे दिसले होते.

नियमनाच्या मर्यादा

तथापि लेबल पोहोचते ते वेष्टनापर्यंतच. हातगाडीवरील ग्लासाला लेबल नसते. तेथे कोणता मसाला वापरला, हे विचारण्यावाचून रुग्णाला गत्यंतर नाही. ज्याला यादी वाचता येत नाही, किंवा ती ज्या भाषेत छापली आहे ती भाषा येत नाही, त्याच्यासाठी छापील माहितीही निरुपयोगी ठरते. शाळेतील मुलाच्या बाबतीत हा भार पालक व शिक्षकांवर येतो.

शिवाय ग्लुटेनमुक्त म्हणजे आरोग्यदायी नव्हे. अनेक शीतपेयांच्या ३०० मिलिलिटरमध्ये सुमारे ३० ग्रॅम साखर असते. सिलिअ‍ॅकच्या रुग्णांमध्ये पहिल्या प्रकारच्या मधुमेहाचे प्रमाण इतरांपेक्षा अधिक आढळते, हेही ध्यानात ठेवावे.

सारांश, सामान्य बाटलीबंद शीतपेयापासून या रुग्णांना ग्लुटेनचा धोका सहसा नसतो. धोका असतो तो अज्ञात घटकांचा. कायद्याने माहिती देणे बंधनकारक केले आहे. ती सुट्या पेयांच्या विक्रेत्यापर्यंत आणि अल्पशिक्षित ग्राहकापर्यंत पोहोचविणे, हे पुढील कार्य होय.