हेडसेट उन्हात वाळवू नका

घामट झाले, ओले झाले की उन्हात टाकावे, ही आपली शेतकऱ्यांची सवय. गोधड्या, धान्य, दुधाची किटली यांना ते मानवते. पण मुले हल्ली डोळ्यांवर बांधून खेळतात तो व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटीचा हेडसेट चुकूनही उन्हात ठेवू नये. त्यात दोन भिंगे असतात. भिंगाने कागद जाळण्याचा खेळ आपण सर्वांनी लहानपणी केला आहे. तसेच ऊन भिंगांतून आतल्या पडद्यावर एकवटते व कायमचा डाग पडतो. खिडकीतून आलेली तिरीपही पुरते.

दुसरी चूक स्पिरिटची. त्याने भिंगांवरचा लेप खराब होतो. चष्म्याच्या मऊ, कोरड्या फडक्याने मध्यापासून कडेकडे गोल पुसावे. धोतराचा सोगा किंवा पदर नको; त्यातल्या धुळीने ओरखडे उठतात.

खरी काळजी चेहऱ्याला टेकणाऱ्या गादीची. घाम मुरतो तो तिथेच. डोळे आलेल्या मुलाला हेडसेट देऊच नये, मग ते कितीही रुसो! एकाचे झाले की दुसऱ्याला देण्यापूर्वी गादी व पट्टे अल्कोहोल नसलेल्या जंतुनाशक वाइप्सने पुसावेत आणि सावलीत पूर्ण वाळू द्यावेत. नळाखाली धरू नये. सिलिकॉनचे आवरण मिळाल्यास आम्ही तेच घ्यायला सांगू. काढून साबणाने धुता येते. २०२१ साली अमेरिकेत क्वेस्ट २ च्या गादीने कातडीला त्रास झाल्याच्या तक्रारी आल्या, तेव्हा सुमारे ४० लाख हेडसेटसाठी कंपनीने अशीच आवरणे फुकट देऊ केली. डोळ्यांभोवती लाली, खाज दिसली तर हेडसेट घालणे थांबवावे व डॉक्टरांना दाखवावे.