कंपोझिटरमधला कोड काढण्याआधी

वेलँडचा छोटा कंपोझिटर, म्हणजे खिडक्या पडद्यावर मांडणारा प्रोग्रॅम, साफ करायला घेतला, की ज्या फंक्शनला कुठूनच कॉल दिसत नाही त्याच्यावर पहिली कुऱ्हाड पडते. माझं सांगणं आहे, तिथेच हात आवरा. डब्ल्यूएलरूट्स या लायब्ररीवर उभ्या कंपोझिटरमध्ये बरीचशी कामं थेट कॉलने होतच नाहीत. फंक्शनचा पत्ता लिसनरमध्ये ठेवतात, लिसनर सिग्नलला जोडतात आणि घटना घडली की लायब्ररी ते फंक्शन चालवते. आउटपुट तुटल्यावर चालणारं फंक्शन घ्या. टेबलावरच्या मॉनिटरची केबल कोणी काढत नाही, म्हणून ते महिनोन्‌महिने निपचित असतं. पण मिरजगावच्या एखाद्या दुकानात दर दाखवणारा संगणक इन्व्हर्टरवर आणि स्क्रीन थेट लाइनवर असेल, तर लाइट गेली की आउटपुट तुटू शकतं. ते फंक्शन आणि त्याची जोडणी काढून टाकली असेल, तर कंपोझिटरच्या आउटपुटांच्या यादीतली त्या स्क्रीनची नोंद तशीच राहते. तिच्यातला पॉइंटर मात्र लायब्ररीने मोकळ्या केलेल्या मेमरीकडे बघत असतो. पुढच्या फेरीला कंपोझिटर कोसळतो आणि त्याच्याबरोबर पडद्यावरचं सगळंच जातं. कंपायलर यावर अवाक्षर काढत नाही.

मग काहीच काढू नये, असं कोणी म्हणेल. तेही मला पटत नाही. नाइट कॅपिटल या अमेरिकी कंपनीच्या सर्व्हरवर २००३ पासून न वापरलेला कोड पडून होता. १ ऑगस्ट २०१२ रोजी आठपैकी एका सर्व्हरवर नवा कोड चढवायचा राहिला, जुन्या फ्लॅगने तो निजलेला कोड जागा केला आणि सुमारे ४५ मिनिटांच्या शेअर-व्यवहारांनी ४६ कोटी डॉलरहून अधिक तोटा झाला. शिवाय लहान कंपोझिटर निवडायचा तोच मुळी तो एका माणसाला पूर्ण वाचता यावा म्हणून.

‘गिटमध्ये सगळं आहेच की’ हा आक्षेप अर्धाच खरा. गिट ओळी परत देतं, पण कुठल्या ओळी परत हव्यात हे आपल्यालाच शोधावं लागतं. म्हणून एका कमिटमध्ये एकच गोष्ट काढावी आणि का काढली ते लिहावं. एक्सवेलँड (जुने एक्स११ प्रोग्रॅम चालवणारा भाग) चालू ठेवून आणि बंद करून, दोन्ही प्रकारे बिल्ड केल्याशिवाय कंपायलरच्या ‘अनयूज्ड’ इशाऱ्यावर विसंबू नये. रिकामं फंक्शन असलेला लिसनर खुशाल काढा, पण त्याचं फील्ड, जोडणी आणि यादीतून वगळणारी ओळ एकदमच. नुसती जोडणी काढलीत तर वगळणारी ओळ कधीच न जोडलेल्या लिसनरवर चालते आणि तिथेच क्रॅश होतो. मग मेमरीच्या चुका पकडणारा ॲड्रेस सॅनिटायझर लावून बिल्ड करा, खिडकी उघडी असताना केबल काढा, पुन्हा लावा, आणि मगच पुढचं फंक्शन हातात घ्या.