ग्रामोफोनची सुई : आकार, मांडणी आणि झीज

म्हैसूर शहरातील कुवेंपुनगर या भागात गानभारती या संस्थेचे सभागृह आहे. म्हैसूर दरबारचे विख्यात वीणावादक वीणे शेषण्णा (१८५२–१९२६) यांचे नाव त्या वास्तूस दिलेले आहे. शेषण्णांच्या हयातीतच, १९०२ साली, भारतात तबकड्यांसाठी ध्वनिमुद्रण सुरू झाले. त्याच दरबारात वेळोवेळी गायिलेले व पुढे मिरजेस स्थायिक झालेले अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) यांचा आवाज आज आपणांस ऐकावयास मिळतो, तो अशा तबकड्यांमुळेच. तबकडीवरील आवाज म्हणजे एक अतिशय अरुंद, नागमोडी खोबण होय. ती एकदा घासली गेली की तो आवाज तीतून परत मिळत नाही. म्हणून तीतून फिरणाऱ्या सुईचा विचार अगत्याचा ठरतो.

मिनिटास ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्या लाख व दगडाची बारीक पूड यांच्या मिश्रणाच्या असत. ही पूड पोलादी सुईला घासून खोबणीच्या आकाराची करी. परंतु एक बाजू संपेपर्यंत सुईच्या टोकास धारदार कडा येत. म्हणून एका बाजूस एक नवी सुई, असा नियम होता. काटकसरीपोटी तीच सुई पुनःपुन्हा वापरली की तबकडीची काळी तकाकी जाऊन ती करडी दिसू लागे. वाचलेल्या सुईची किंमत तबकडीने भरून दिलेली असे.

१९४८ साली विनाइलची लाँगप्ले तबकडी आली व खोबण पुष्कळच अरुंद झाली. ७८ फेऱ्यांच्या तबकडीसाठी सुमारे ७० मायक्रॉन त्रिज्येचे टोक लागते, तर लाँगप्लेसाठी १८ ते २५ मायक्रॉनचे. (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.) लाँगप्लेची सुई जुन्या तबकडीवर ठेवल्यास ती भिंतींवर नीट न टेकता तळातील धुळीत घसरते. उलट, जाड सुई अरुंद खोबणीच्या वरच्या कडा बिघडवते.

सुईवरील भार थोडा दिसतो, पण दाब थोडा नसतो. समजा, भार २ ग्रॅम आहे. खोबणीच्या दोन भिंती परस्परांशी काटकोन करतात. म्हणून प्रत्येक भिंतीवर सुमारे १.४ ग्रॅम भार येतो. स्पर्शाचे क्षेत्र ३५ चौरस मायक्रॉन धरले, तर दाब दर चौरस सेंटिमीटरला ४,००० किलोग्रॅम होतो! झीज का होते, हे यावरून ध्यानात येईल.

आता आकाराकडे वळू. मिनिटास ३३⅓ फेरे घेणाऱ्या तबकडीच्या बाहेरील कडेला खोबण सुईखालून सेकंदास सुमारे ५१ सेंटिमीटर वेगाने जाते, आतील टोकाला केवळ २१ सेंटिमीटर वेगाने. सेकंदास १०,००० कंपनांच्या स्वराची एक लाट बाहेर ५१ मायक्रॉन लांब असते, आत २१ मायक्रॉन. १८ मायक्रॉन त्रिज्येचे गोल टोक या आखूड वळणात पुरते शिरत नाही. म्हणून तबकडीच्या अखेरीस आवाज खरखरीत वाटतो. लंबवर्तुळाकार टोकाची बाजूची त्रिज्या सुमारे ८ मायक्रॉन असल्याने ते वळणे नीट अनुसरते. मात्र त्याचे स्पर्शक्षेत्र लहान असल्याने त्यावर भार कमी ठेवावा लागतो. रेषास्पर्शी टोक भिंतीला उंच व अरुंद पट्टीत टेकते. त्यामुळे वळणही साधते आणि दाबही विभागला जातो.

परंतु टोक जितके नाजूक, तितकी त्याची मांडणी काटेकोर हवी. खोबण कोरणारे यंत्र मध्याकडे सरळ रेषेत सरकते, तर वाजविणारी भुजा एका खुंटीभोवती वर्तुळखंडात फिरते. यास्तव भुजेला वाक देऊन सुई तबकाच्या मध्यबिंदूपलीकडे थोडी पोचेल अशी बसवितात. मग दोन ठिकाणी कोन अचूक जुळतो व इतरत्र चूक अल्प राहते. हे तपासण्यास आखलेला एक साधा कागद पुरतो. सुई एका बाजूस कललेली असेल, तर दोन्ही भिंतींवरील स्पर्श सारखा राहत नाही. भार फार कमी ठेवणेही हिताचे नसते; सुई उसळून भिंतींवर आदळते.

आता खर्चाचा हिशेब पाहू. समजा, गोल टोकाचा हिरा २,००० रुपयांचा असून ५०० तास टिकतो, आणि रेषास्पर्शी हिरा ९,००० रुपयांचा असून १,५०० तास टिकतो. पहिल्याचा खर्च तासाला ४ रुपये, दुसऱ्याचा ६ रुपये. वीस मिनिटांच्या एका बाजूमागे फरक अवघा ६७ पैशांचा! तथापि वाकडा बसविलेला महाग हिरा हा लाभ गमावतो, आणि झिजलेला हिरा, मग तो कोणत्याही आकाराचा असो, दर खेपेस तबकडी खरवडतो.

ज्या ग्रंथालयांत वा शाळांत जुन्या तबकड्या आहेत, तेथे चार गोष्टी पाळाव्यात : तबकडीच्या जातीप्रमाणे सुई निवडावी, तिचा कोन व भार तपासावा, ती किती तास वाजली याची नोंद ठेवावी, आणि दुर्मीळ तबकडी एकदा नीट वाजवून तिचे संगणकीय मुद्रण करून ठेवावे. सुई दुकानात पुन्हा मिळते. खोबणीतला गवई पुन्हा गात नाही.